लेकीच्या वतीनं दिलेली जबान

दोन हजार पंचवीस साल, थंडी नुकती पडायला लागलेली, आणि मला एकाहत्तरावं लागलेलं. शाळा माझी चौथीपर्यंत. तीही पुरी नाही, परीक्षेच्या वखताला खळं चालू होतं आणि वडील म्हणाले, ज्वारी थांबत नसते. पण मला लिहिता येतं, आणि हे मी माझ्या हातानं लिहून राहिलो. कुणाला वाचून हसायचं तर हसा.

माझी धाकटी लेक विमान चालवते. विमानात बसते असं नाही, चालवते. हे मला दर माणसाला दोनदा सांगावं लागतं. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारात एक जण म्हणाला, "म्हणजे आत चहापाणी देती व्हय?" त्या माणसाशी मी त्यानंतर बोललेलो नाही. विमानात समोर दोघं बसतात. डावीकडं कॅप्टन, उजवीकडं माझी लेक. तिच्या खांद्यावर तीन पट्ट्या, कॅप्टनच्या खांद्यावर चार. तिची चौथी पट्टी जवळ आली होती. कॅप्टनच्या शिक्षणाला कुणाकुणाला घ्यायचं, त्याची यादी पुढच्या महिन्यात लागणार होती. आमच्या रेणापूर तालुक्यात अशी दुसरी पोरगी नाही. असली तर मला आणून दाखवा.

आता तकरार काय ती सांगतो. एवढी लेक, आणि घरी आली की झोपते.

हैदराबादला राहते ती. त्या खेपेला शनिवारी सांजच्याला रेल्वेनं लातूरला उतरली. मी जीप घेऊन आणायला गेलो होतो. डोळे असे, जसं काही चार दिवस ओल्या लाकडाच्या चुलीपुढं बसली होती. जीपमध्ये काचेला डोकं टेकलं आणि गेली. रस्त्याला खड्डे किती, डोकं काचेवर आपटून राहिलं, पण जाग नाही. मी दोनदा हाक मारली. मला तिला वाटेतलं नवीन तळं दाखवायचं होतं.

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"आप्पा, आई, ऐका. सोमवारी संध्याकाळपर्यंत मला सुट्टी आहे. सुट्टी म्हणजे आराम, नियमातला. कमीत कमी अठ्ठेचाळीस तास, आणि त्यात दोन रात्री पुऱ्या. तेवढ्यात कंपनी मला काम सांगू शकत नाही. आणि तुम्हीही सांगू नका. पाहुणे बोलावू नका. सत्कार नको. शाल नको."

"शाल कोण देऊन राहिलंय?" मी म्हणालो. खरं तर शाल आणून पेटीत ठेवली होती. नारळही होता.

"आणि दोन रात्रीच कशाला लागतात? दिवसा झोपलं तर चालत न्हाई का? झोप ती झोप."

"नाही चालत. पहाटेची ड्युटी असली की मी तीनला उठते. चार दिवस पहाटेची, मग एकदम रात्रीची लावतात. मग हॉटेलात भर दुपारी पडदे ओढून पडायचं. अंगालाच कळत नाही आता झोपायचं का जागायचं. म्हणून नियमात लिहिलंय, रात्र पाहिजे."

मला हसू आलं. मी हसलो. "आमच्या शेतातली लाईट काय करती मग? एक हप्ता दिवसाची, एक हप्ता रात्रीची. तीस वर्षं मी रात्रीच्या अंधारात दारं धरली, ह्या सरीतून त्या सरीत पाणी फिरवलं, आणि सकाळी पुन्हा औतावर. मला कोणत्या सरकारनं दोन रात्री दिल्या?"

आतून तिची आई म्हणाली, "आणि पहाटे शेजाऱ्याच्या हरभऱ्यात पाणी सोडून दिलं, ते पण सांगा की. उभ्या उभ्या डोळा लागला होता. त्याचा सगळा हरभरा पिवळा पडला."

"अंधार होता."

"बॅटरी हातात होती."

बायकांना नको ते बरोबर ध्यानात राहतं. मी तो विषय तिथंच सोडला. लेकीनं दोन घास खाल्ले, फोन ओसरीच्या खिडकीत ठेवला, कारण आमच्या घरात रेंज तेवढ्याच जागेला येते, आणि म्हणाली, "यादीचा काही निरोप आला तर असावा म्हणून चालू ठेवते. वाजला तर वाजू द्या." आणि आत जाऊन पडली.

रविवारी सकाळी आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. आत हालचाल नाही. मला माझ्याच घरात चोरासारखं चालायची पाळी आली. चपला हातात घ्या. बादली वाजवू नका. मला सकाळचा खोकला आहे, तो काय माझ्या हुकमातला आहे? ही म्हणाली, "खोकायचं तर गोठ्यात जाऊन खोका." गेलो. एकाहत्तराव्या वर्षी बैलापुढं जाऊन खोकलो.

गावाला खबर लागलेलीच होती. लोक यायला लागले. मी कुणाला बोलावलं नव्हतं, पण या म्हणायलाच कशाला लागतं? सगळे ओसरीवर बसले आणि दाराकडं बघायला लागले. त्यात तो शेतशेजारी, ज्याचा हरभरा बुडाला होता तोच.

"काय आप्पा, पायलट उठली का?"

"न्हाई अजून."

"बारा वाजले की. मग इमान कोण चालवून राहिलंय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसणं वरवरचं. त्यात टीव्ही चालू. आवाज बंद केला होता तरी चित्रं दिसतच होती. त्या दिवसांत विमानं धडाधड रद्द होऊन राहिली होती. विमानतळावर बॅगांचे ढीग, लोक फरशीवर चादरी टाकून पडलेले. खाली पट्टीवर लिहून येत होतं की आरामाचे नियम बदलले, पायलट कमी पडले. एक जण ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. एक बाई कॅमेऱ्यापुढं रडून राहिली होती.

शेजारी म्हणाला, "बघा. लोक तिकडं फरशीवर आणि पायलट इकडं गादीवर."

खोटं कशाला लिहू, मला लेकीचा राग आला. आम्ही कामाची माणसं. माझ्या घराचं नाव कामानं झालेलं आहे. आणि आज अख्खा गाव माझ्या ओसरीवर बसून माझ्या लेकीच्या घोरण्याची वाट बघून राहिला होता. ती घोरतही नव्हती, पण तरी. सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. पेटीतली शाल पेटीतच राहिली.

दुपारी दोनच्या सुमाराला फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. थांबला. तिची आई शेतात गेलेली. आवाजानं लेक उठेल म्हणून मी खिडकीजवळ जाऊन उभा राहिलो. चौथ्यांदा वाजला तेव्हा उचलला. आमच्याकडं घरात मोठा माणूस असताना वाजता फोन सोडून देत नाहीत. दारात आलेल्या माणसाला हाकलल्यासारखं होतं ते.

"हॅलो, मॅडम से बात हो सकती है?" पुरुषाचा आवाज, तरुण.

"मॅडम सो रही है. मैं बाप बोलतूं उसका. क्या काम है, मेरे कू बोलो."

माझी हिंदी त्यानं ओळखली. मग म्हणाला, "सर, तुम्ही मराठवाड्यातले का? मी बिलोलीचा आहे."

बिलोली! मी खिडकीखालच्या बाजेवर बसलोच. बिलोलीला माझी थोरली बहीण दिली होती. कुणाचा रे तू, घर कोणत्या गल्लीला, वडील काय करतात, सगळं विचारलं. त्यानंही अदबीनं सांगितलं. सर म्हणायचा तो आप्पा म्हणायला लागला.

"आप्पा, इथं लई वांधे झालेत. उद्या दुपारच्या फेऱ्यांना माणूसच नाही. मॅडमची सुट्टी उद्या संध्याकाळी संपती, त्या जरा अलीकडं आल्या तर आमचं भागतंय. सकाळी नऊला नांदेडच्या विमानतळावर आल्या की झालं. तिथून हैदराबादच्या विमानात त्यांना बसवून आणतो, आणि मग पुढं चार फेऱ्या. पण त्यांची मर्जी पाहिजे बघा. आणि त्या ताज्यातवान्या पाहिजेत."

"ताजी हाय की. कालपासून झोपून राहिलीय. आणखी किती ताजी पाहिजे तुम्हाला?"

"मग येतील म्हणून लिहू का मी?"

मला टीव्हीतली ती बाई दिसली. शेजाऱ्याचं हसणं ऐकू आलं.

"लिहा," मी म्हणालो. "माझी जबान हाय. आमच्या घरात कामाला न्हाई म्हणत न्हाईत."

"लई उपकार झाले, आप्पा."

फोन ठेवला आणि मी टोपी घातली. पारावर चारपाच जण होते, शेजारीही होता. मी सहज गेल्यासारखा गेलो आणि म्हणालो, "उद्या जाऊन राहिली ती. कंपनीचा खास फोन आला. तिच्यावाचून अडलंय त्यांचं." कुणी हसलं नाही. एकानं सरकून मला बसायला जागा दिली. ती दुपार माझी बरी गेली.

चार वाजता लेक उठून बाहेर आली. तोंड धुतलेलं, केस बांधलेले. आल्यापासून पहिल्यांदा माझ्या लेकीसारखी दिसली. तिच्या आईनं भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा गरम सुशीला करून दिला होता, वर शेंगदाणे. ओसरीच्या पायरीवर बसून खायला लागली आणि म्हणाली, "फोन वाजला का माझा?"

मी सांगितलं. खुशीनं सांगितलं.

तिनं ताटली खाली ठेवली. "काय बोललात? जसंच्या तसं सांगा."

जसंच्या तसं सांगितलं.

"ताजी आहे म्हणालात?"

"मग? वीस तास झाले झोपून."

"आप्पा, मी ताजी आहे का नाही हे मी सांगायचं असतं. फक्त मी. कॅप्टन सांगू शकत नाही, कंपनी सांगू शकत नाही. तुम्ही तर नाहीच नाही. आणि त्यानं आरामाच्या वेळात मला असं विचारायलाच नको होतं. त्याला ते माहीत होतं, म्हणून तर मर्जी मर्जी करत होता."

"बिलोलीचा होता बिचारा."

"बिलोलीचा असू दे नाहीतर बगदादचा!"

तिचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. तिची आई दारात येऊन उभी राहिली.

"नऊला नांदेडला पोचायचं तर इथून पाचला निघायला पाहिजे," लेक म्हणाली. "म्हणजे उठायचं चारला. म्हणजे दुसरी रात्र गेली. आणि त्यावर चार फेऱ्या."

"एक दिवस कळ काढ की माय. जगात लोक अडकून पडलेत."

ती पायरीवरून माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "गुरुवारी काय झालं ते सांगते. सांगणार नव्हते. विमान उतरवताना खालून आम्हाला उंची सांगतात, इतक्यावर या म्हणून. ती आम्ही तोंडानं परत म्हणून दाखवायची आणि हातानं यंत्रावर लावायची. मी तोंडानं बरोबर म्हटली, आणि हातानं दुसरीच लावली. माझा आवाज मला ऐकू येत होता, अगदी बरोबर. हात दुसरंच करत होता. कॅप्टनच्या ध्यानात आलं, त्यांनी लगेच बदलली. काही झालं नाही. मागं लोक बसले होते, त्यांना कळलंही नाही. पण मला कळलं. म्हणून मी घरी आले, आप्पा. नाहीतर हैदराबादच्या खोलीत पडले असते."

"मग हे काल न्हाई का सांगायचं?"

"काल तुम्ही हसलात."

हसलो होतो, हे खरं. पण मी गप्प बसणारा माणूस नाही, तो माझ्यात दोषच आहे. मी म्हणालो, "मग आता काय, न्हाई म्हणून सांगणार?"

"सांगावं लागेल. आणि तिथं लिहिलं जाईल की आधी हो म्हणाली आणि मग फिरली. यादी पुढच्या महिन्यात आहे. असं लिहिलेलं ज्याच्या नावापुढं असतं, त्याचं नाव कोण वर ठेवतं? नुसता आराम घेतला असता तर कुणी काही म्हणू शकलं नसतं."

"मग जा. मी म्हणतो जा. माझी जबान गेली आहे तिथं. आजपर्यंत माझी जबान खाली पडलेली न्हाई."

"आणि मागं दीडशे माणसं बसलेली असतात, ती?"

"काही होत न्हाई एका दिवसानं."

हे मी म्हणालो. हे असंच म्हणालो, म्हणून लिहून ठेवतो.

तेवढ्यात फाटकातून शेजारी आला. त्याला काय ठाऊक आत काय चाललंय. उभ्या उभ्याच म्हणाला, "आप्पा, उद्या सकाळी बैल पाहिजे होते. हरभऱ्यात तण वाढलंय, कोळपं मारून घेतो. आभाळ येऊन राहिलंय, पुन्हा चिखल झाला तर राहिलंच."

"उद्या सोमवार हाय," मी म्हणालो.

आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. ट्रॅक्टर आले, घरोघरचे बैल गेले, पण माझी जोडी आहे आणि माझा सोमवारही आहे. वडिलांच्या वखताला एका साली पेरणीचा वाफसा सोमवारीच आला होता. मंगळवारी पाऊस लागला, पेरणी पंधरा दिवस पुढं गेली. वडिलांनी बैल सोडले नाहीत दावणीचे. हे शेजाऱ्याला माहीत होतं, तरी म्हणाला, "दोनच तासाचं काम हाय हो."

"दोन मिनिटं पण न्हाई."

"तुमचे बैल तर बसूनच हायत कालपासून. ताजे हायत की."

मला राग टाळूपर्यंत चढला. "ताजे हायत का न्हाईत हे तुला कुणी विचारलं? बैल माझ्या दावणीचे. सोमवार म्हणजे सोमवार. तो त्याचा दिवस हाय, त्याच्यात माझी मर्जी चालत न्हाई, तुझी कुठून चालणार? देव आला तरी जुंपणार न्हाई मी!"

बोलून झालं. लेक माझ्याकडं बघून राहिली होती. शेजारी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागला.

तिची आई दारातनं म्हणाली, "बैलाला सोमवार हाय." एवढंच. आणि आत गेली.

मला त्या बाईचा असा राग आला. चाळीसपन्नास वर्षं माझ्या घरात आहे, कधी मोठ्यानं बोलत नाही, आणि असं एखादं बोलून आत निघून जाते, की माणसानं भांडायचं कुणाशी? मी शेजाऱ्यावर ओरडलो, "तू जा बरं आता!"

"मी काय केलं?" म्हणत तो गेला.

लेकीनं फोन घेतला आणि खिडकीजवळ उभी राहून अंगठ्यानं लिहायला लागली. दहा मिनिटं लिहीत होती. मी म्हणालो, "काय लिहिलंस ते मराठीत वाचून दाखव."

तिनं वाचलं. "मी आरामाच्या वेळेत आहे. थकवा आहे. उद्या येऊ शकत नाही. दुपारचा होकार माझा नव्हता, वडिलांनी दिला. त्यांना नियम माहीत नव्हता."

"ते शेवटचं काढ."

"खरं आहे ते."

"काढ म्हणतो. मी अडाणी हाय असं कंपनीला लिहून पाठवल्यासारखं होतंय."

"मग काय लिहू? वडिलांना नियम माहीत होता तरी होकार दिला, असं लिहू?"

"वडिलांनी मायेपोटी दिला, असं लिही."

"मायेपोटी दिला?" ती म्हणाली. मी टोपी सारखी करायला लागलो. कारण कशापोटी दिला ते मला माहीत होतं, पारावरच्यांनाही माहीत होतं.

तिनं काढलं नाही. तसंच पाठवून दिलं. मग राहिलेला गार सुशीला खाऊन टाकला. मी विचारलं, "यादीचं काय?" ती म्हणाली, "बघू." आणि दिवेलागणीनंतर जेवून पुन्हा आत गेली.

"बघू" हे उत्तर मला जन्मात आवडलं नाही. माणूस हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो. मी अंगणात फिरून राहिलो. हो कुणाचं मोडलं? माझं. लिहिलं कुणाच्या नावापुढं जाणार? तिच्या. हे मला कितीही फिरवून बघितलं तरी सरळ होईना. तिनं पाठवलं ते तिचं झालं. माझी जबान तर अजून तिथंच लटकलेली होती.

आमच्या बैलबाजाराचा एक दस्तूर आहे. उपरण्याखाली बोटं धरून सौदा ठरला आणि मग काही कारणानं मोडायची वेळ आली, तर निरोप पाठवून मोडत नाहीत. स्वतः जायचं. त्याच्या दारात उभं राहून तोंडानं सांगायचं की माझी जबान मी माघारी घेतो, दोष माझा. तो चार शिव्या देईल त्या ऐकून घ्यायच्या. मग समोरच्याच्या जनावराला बट्टा लागत नाही. नाहीतर बाजारात बोललं जातं की जनावरातच खोट होती. फोनवर दिलेली जबान कुठं जाऊन माघारी घ्यायची, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. बिलोलीचा तो माणूस कुठं बसतो देव जाणे. पण त्यानं जागा सांगितली होती आणि वेळ सांगितली होती. नांदेड, सकाळी नऊ.

दुसऱ्या दिवशी पहाटे चपला हातात घेऊन मी घरातून निघालो. हिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. रेणापूरला पहिली गाडी धरली. ड्रायव्हर जांभया देऊन राहिला होता. मी त्याच्या मागच्याच बाकावर बसलो आणि विचारलं, "झोप झाली का रे?"

"आप्पा, काल रात्री अकराला गाडी लावली. आता तुम्हीच सांगा."

अहमदपूर येईपर्यंत मी त्याच्या मानेकडं बघत बसलो. मान जरा खाली गेली की मी खोकायचो. खोकला कामाला आला. लोहा गेलं, नांदेड आलं, तिथून ऑटोनं विमानतळावर. पावणेनऊ झाले होते.

दारात बंदूकवाला. "टिकट?"

"मेरे कू कहीं जाना नहीं है. एक आदमी से मिलना है."

"किससे?"

"कंपनी का आदमी है. बिलोली का."

तो हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. बाजूच्या एका खिडकीकडं बोट केलं. खिडकीत कोट घातलेला एक माणूस कॉम्प्युटरपुढं बसला होता. मी विचारलं, "सकाळचं हैदराबादचं विमान?"

"रद्द आहे बाबा. कालच झालं, संध्याकाळी."

मला वाटलं मला नीट कळलं नाही. "काल संध्याकाळी? त्याच विमानानं माझ्या लेकीला बोलावलं होतं तुमच्या माणसानं. काल दुपारी."

"ते मला माहीत नाही बाबा. ते दुसरीकडं बसतात."

म्हणजे ती चारला उठून, पाचला निघून, जीपच्या काचेवर डोकं आपटत इथं आली असती, आणि विमानच नाही. मग तिला इथं बसवून ठेवलं असतं का गाडीनं हैदराबादला पिटाळलं असतं? आणि त्यावर चार फेऱ्या. मी खिडकीचा कठडा धरला. कुणाला शिव्या द्याव्यात कळेना. त्या बिलोलीवाल्याला, का ह्या कोटवाल्याला, का काल पारावर जाऊन बसलेल्या माणसाला.

"मग आता मी सांगतो ते लिहून घ्या," मी म्हणालो.

"इथं लिहून घ्यायचं काही नसतं बाबा."

"कागद असेल की."

माझ्या मागं दोन जण येऊन उभे राहिले होते. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कुठलासा छापील कागद उलटा करून पेन काढला. मी सावकाश सांगितलं. काल दुपारी तुमच्या माणसाला मी जबान दिली की माझी लेक येईल. ती झोपलेली होती, तिला विचारलं नाही. ती ताजी आहे असं मी म्हणालो ते खोटं होतं. जबान माझी होती, ती मी आज स्वतः येऊन माघारी घेतो. लेकीनं हो म्हणून फिरवलेलं नाही. यादी करताना हे वाचा.

त्याचं लिहून झाल्यावर मी कागद मागून घेतला आणि वाचला. त्यानं "खोटं" च्या जागी "गैरसमज" लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं. मग खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका लिहिला.

"कुणाला देऊ हे?" तो म्हणाला.

"यादी करतो त्याला."

"बरं," म्हणून त्यानं कागद कॉम्प्युटरखाली सरकवला आणि मागच्या माणसाला म्हणाला, "बोला."

मी खिडकीपुढून हाललो नाही. मागचा माणूस म्हणाला, "बाबा, झालं ना तुमचं?" मी म्हणालो, "न्हाई झालं." कोटवाल्यानं दोनदा माझ्याकडं बघितलं. मग कागद ओढून काढला, खुर्ची मागं सारली आणि कागद घेऊन आतल्या दारानं गेला. तो गेलेला दिसला तेव्हा मी कठडा सोडला आणि रस्त्यावर जाऊन लातूरच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो.